रहीमबींनी गाडी थांबवली

पाथरी, सोमवार, मार्गशीर्ष वद्य तृतीया. दिवेलागण.

आजचं आजच लिहून ठेवते.

आमच्या मुलींच्या शाळेला सरकारनं खरंच पडद्याची बैलगाडी दिली! शिवाय मुलींना घरून आणायला-पोचवायला रहीमबी नावाची बाई नेमली. शिंदीच्या दुकानापुढून जाताना प्यालेली माणसं वाईटसाईट बोलतात म्हणून कितीतरी मुली घरी बसल्या होत्या. शाळेची मास्तरीण म्हणून मी शाळाखात्याच्या मोठ्या अधिकाऱ्यांकडे, मोहतमीम साहेबांकडे, गाडीसाठी अर्ज करत राहिले. गाडी येईल असं वाटलं होतं का मला? मुळीच नाही.

आज शाळा सुटल्यावर मीही गाडीत बसले. दुकानापाशी एकजण पडद्याकडे बघून घाण बोलला. मुली एकमेकींना चिकटल्या. रहीमबी गाडी थांबवून खाली उतरल्या. आता भांडण होणार म्हणून मी पडद्याची कड घट्ट धरली.

पण त्यांचा आवाज चढलाच नाही. "भाऊ, तुमाला लेक हाय का?"

तो गडबडला. "हाय."

"शाळेत येती?"

"न्हाई."

"मग घर कुठं ते सांगा. उद्या तिला घ्यायला येते. ही गाडी तिची बी हाय."

मला वाटलं, आता हा शिवी देणार. त्यानं मुंडासं सारखं केलं आणि हळूच म्हणाला, "मारुतीच्या मागं. सुली नाव हाय तिचं."

काय बाई आहे ही! असं बोलायचं बळ कुठून येतं? मी तर अशा माणसांना शिक्षा व्हावी, एवढंच मनात म्हणत होते.

उद्या गाडी आधी सुलीच्या दारात जाणार आहे.