वेनचे केस

१२ फेब्रुवारी

आले बाई एकदाची सासरी! मोटारसायकलवर पुढे तोआन, मागे मी, मांडीवर पेटी, आणि वर नवऱ्याच्या हट्टापायी पीचच्या फुलांची हातभर लांब फांदी. वेशीपासून घरापर्यंत तो ओरडत आला, बायको आणली, बायको आणली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासूबाईंनी आधी माझ्या पायांतल्या शहरी चपला पाहिल्या आणि या घालून भात लावणार का, असं विचारलं. मी म्हटलं, अनवाणी लावीन, पण मजुरी घेईन. पानाने रंगलेले दात दाखवून अशा हसल्या की माझी निम्मी भीती तिथेच गेली. शेजारची साओताई टोफू करते. गरम वड्या घेऊन आली आणि जाताना तळ्यावर सांगत सुटली की तोआनची बायको शहरात जनावरांच्या डॉक्टरकडे कामाला होती, आता नवऱ्यालाही सुई टोचणार.

एकच गोष्ट खटकली. गावात एकही कुत्रं नाही. चांद्र नववर्षाच्या तोंडावर चोरांनी गोण्या भरभरून नेली, खाटकांना विकायला. आमच्या अंगणात खांबाला रिकामी साखळी आहे, शेजारी कुत्र्याचा वाडगा. तो हलवायचा नाही, अशी सासूबाईंची सक्त ताकीद आहे.

१९ फेब्रुवारी

पहाटे चावडीवरचा ढोल वाजला. कुत्रेचोर सापडला होता. दोघे होते, दुसऱ्या गावाहून गोणी भरून जाताना बांधावरच्या चिखलात गाडी घसरली, एक पळाला, दुसरा लोकांच्या हाती लागला. विशीतलं पोरगं असेल.

पहिला घाव होएकाकांचा, कावडीच्या दांड्याचा, थेट कपाळावर. मग सगळा गाव तुटून पडला. कुदळी, विटा, जे हाताला लागेल ते. तोआनने त्याचे पाय धरून ठेवले होते. माझ्या सासूबाई, एवढ्याशा चणीच्या, घरून ती रिकामी साखळी घेऊन गेल्या आणि त्याच्या मानेवर मारत राहिल्या, आणि दर फटक्याला आपल्या कुत्र्याचं नाव घेत राहिल्या. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ओला.

मी मारलं नाही. मला फक्त त्याच्या अंगाखालची गोणी हलताना दिसली. तिचं तोंड त्याने मुठीत घट्ट धरलं होतं. त्याच्यात धुगधुगी होती अजून. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. करंगळी सुटेना, तेव्हा जोर लावला, ती कट्‌कन वाजली. आत एक पट्टेरी कुत्री निघाली, तोंडाला चिकटपट्टी गुंडाळलेली, रक्ताने नखशिखांत भिजलेली. पेरूच्या पानांच्या कोमट पाण्याने धुतली तर तिला साधा ओरखडाही नाही. सगळं रक्त त्याचंच.

कुणाची म्हणून विचारलं, कुणीच हात लावेना. मग माझीच. पट्टेरी म्हणून नाव ठेवलं वेन; इकडे पट्टेरी कुत्र्याला वेनच म्हणतात. उजवा पंजा मांडीवर ठेवून बसते, लबाड कुठली.

२० फेब्रुवारी

पोरगं मेलं म्हणून पोलीस आले. चावडीच्या अंगणात सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, कुणी मारलं. होएकाकांनी हात वर केला, म्हणाले, मी. लगेच शेजारच्याने केला. मग सगळ्यांचेच हात वर. सगळ्या गावाला थोडंच तुरुंगात घालता येतं! साओताई तर त्या वेळी टोफूच्या कढईपाशी होती, तिने चोराचं तोंडही पाहिलं नाही. पण तिचा हात सगळ्यांत उंच. तोआनने मला कोपराने ढोसलं. मीही केला, उजवा.

जेवताना सासूबाईंनी माशाचा मधला तुकडा माझ्या वाडग्यात घातला आणि म्हणाल्या, आता तू खरी आमची झालीस. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२५ फेब्रुवारी

वेनच्या कपाळावरचे केस गेले, तळहाताएवढे. खाज नाही, खपली नाही, कोंडा नाही. उपटून घेतल्यासारखी नितळ कातडी. डॉक्टरांना फोटो पाठवला. म्हणाले, गजकर्ण दिसत नाही, गोचिडी दिसत नाहीत, मन लावून खातेय ना, मग वाट पाहा. मी गंधकाचं मलम लावते, पेरूच्या पाण्याने पुसते. तोआन म्हणतो, मला कधी असं पुसलं नाहीस. त्याला म्हटलं, आधी हिच्याएवढा शहाणा हो.

पण केस गेलेल्या जागी आतून निळं धरतंय. मुका मार लागल्यासारखं.

२७ फेब्रुवारी

होएकाका गेले. डुकरांच्या गोठ्यात सापडले. कपाळ मधोमध फुटून आत गेलेलं, डुकरिणीचं नाक लाल. लोक म्हणतात, पाय घसरला. त्यांच्या कावडीचा दांडा भिंतीला जिथल्या तिथे, कोरडा.

घरी येऊन वेनला पाहिलं. कपाळावरचं निळं साफ गेलंय.

२ मार्च

सकाळी डाव्या बरगड्यांवरचे केस हातात आले, मूठभर. खाली जांभळं, सुजलेलं. मलम लावत होते तोच साओताईचा नवरा बोंबलत आला.

कढईपाशी पडली होती ती. डावी बाजू चेपलेली, बरगड्यांची टोकं सदऱ्यातून बाहेर. कढईतलं सोयाबीनचं दूध उतू जाऊन जमिनीवर गुलाबी झालेलं. तोंड माझ्याकडेच.

तिने मारलं नव्हतं! तिने फक्त हात वर केला होता.

तोआनला म्हटलं, पोलिसांना खरं सांगू या, कुणी मारलं, कुणी नाही. तो माझ्यावर खेकसला, गप्प बस; एक हात खाली आला की सगळे येतील, आणि पहिली आत जाईल ती आई.

३ मार्च

वेनच्या मागच्या पायांवर केस नाहीत. दोन्ही गुडघे काळेनिळे.

तोआन कुदळ घेऊन उठला. मी त्याच्या दंडाला लोंबकळले. म्हटलं, मुक्या जिवाला कशाला, माणसांनी केलंय हे सगळं. त्याने मला ढकललं आणि कुदळ हाणली. वेन जागची हलली नाही. घाव तिच्या पायावर बसला, हाड मोडलं ते त्याचं. एक गुडघा. मग दुसरा. कुणी मारतंय असं दिसत नव्हतं, तो नुसता खाली खाली जात होता आणि माझं नाव घेऊन ओरडत होता. दोन्ही हातांनी दाबलं तरी रक्त थांबेना.

त्याने फक्त पाय धरले होते.

संध्याकाळी गेला. माझा तोआन. आता या घरात मी कुणाला चिडवू—

४ मार्च

घराघरांतून रडण्याचे आवाज. वेनच्या अंगावर आता जागा मोजाव्यात अशा नाहीत, केस कुठे उरलेत तेच शोधावं लागतं. एक डाग जातो, गावात कुणीतरी किंचाळतं.

आज मान.

सासूबाईंना मी काही बोलले नाही. त्या स्वतःच आल्या. वेनच्या मानेकडे पाहिलं, जुन्या वाडग्यात भात कालवून तिच्यापुढे ठेवला आणि मला म्हणाल्या, माझी साखळी होती, माझं मी बघते. तू लेकरू, तू जा, चावडीवर ओरडून सांग, मी नाही मारलं. मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, तुम्हाला सोडून कुठे जाऊ, आई. पहिल्यांदा आई म्हटलं.

साखळी खांबावरून आपोआप—

मी डोळे मिटले. आवाज तोच. ओला.

५ मार्च

चावडीवर गेले. दारं सगळी बंद. ओरडले, मी नाही मारलं. माझा हात खाली घेतला. पुन्हा पुन्हा ओरडले. फक्त वेन पुढ्यात बसून शेपूट हलवत होती. उघडीबोडकी, कुठेही डाग नाही. एक उजवा पंजा तेवढा अजून केसाळ.

सुटले वाटतं. सुटले.

दुपार.

वेनने मांडीवर पंजा ठेवलाय, नेहमीसारखा. लिहिताना जड लागतो. मी दूर केला, तिने पुन्हा ठेवला. पंजाच्या टोकाचे केस माझ्या लुगड्यावर पडलेत. कडेच्या बोटाचे.

मी मारलं नाही. मी तर जीव वाचवला. मी फक्त बोटं

करंगळी गेली. आपोआप मागे वळली. कट्‌कन. तस्साच आवाज.

तो जिवंत होता. मला माहीत होतं.

दुसरं बोट. पेन धरवत नाही, तरी लिहिते, कुणीतरी वाचा— हात वर करू नका— न केलेल्या

मधलं

वेन ग, सोड, मी तुला आंघोळ घात