बांधणीचा कोरा रकाना

मंगळवार, दि. १४

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. ते द्यायचे असतात म्हणून दिले, मनात आज फार शिल्लक नाहीत. आईचा गुडघा बरा आहे. ती रोज तुझी चौकशी करते. मी करत नाही. मागच्या खोलीतला रॉकेलचा वास अजून गेलेला नाही, त्यामुळे "हे घर आहे की विमानतळ?" हे तिचं चालूच आहे.

आता मुद्द्यावर येते. रविवारी आपलं रिमोटवरचं छोटं जेट विमान क्लबच्या धावपट्टीच्या अलीकडे आपटलं आणि पाच मिनिटांत तू सगळ्या क्लबसमोर सांगून मोकळा झालास, "ताईच्या टाकीत हवा राहिली, म्हणून टर्बाइन बंद पडलं." मी तिथेच उभी होते, आग विझवायचं नळकांडं हातात धरून. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. सचिवांनी मान डोलावली आणि यापुढे माझ्या हातचं इंजिन कुणी उडवायचं नाही, असं ठरूनही गेलं. दोन वर्षं जीव ओतला मी त्या विमानात! आठवडाभर नळीला टिचक्या मारून एकेक बुडबुडा बाहेर काढला. आणि तू माझ्या डोक्यावर खापर फोडून घरी गेलास, वर डावा पंख घेऊन.

काल मोडतोडीतून इंजिन सांभाळणारी ती काळी डबी काढली आणि बॅटरीला जोडली. इंजिन शेवटी का बंद झालं, हे ती लक्षात ठेवते. तू विसरलास वाटतं. हवा आली असती तर ज्योत विझल्याचं दिसलं असतं. पडद्यावर आलं, रिमोटवरून बंद. टाकीत निम्मं रॉकेल असताना! म्हणजे तू, तुझ्या बोटाने, शेवटच्या वळणावर चालू इंजिन बंद केलंस.

वाचून आधी मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? डबी नेऊन सचिवांच्या टेबलावर आदळणार होते. चपला घातल्या आणि दारातच बसून राहिले. कारण ते बोट कुठे गेलं असणार, हे मला माहीत होतं.

उतरताना पंखामागच्या पट्ट्या खाली करायला तू रिमोटवरचा डावीकडचा वरचा स्विच ओढतोस. तो आता पट्ट्यांचा नाही. शुक्रवारी मी तो इंजिन बंद करायला लावला, आग लागली तर बोट पटकन पोचावं म्हणून. पट्ट्या उजवीकडे नेल्या. विचार चांगला होता. तुला सांगितलं नाही, एवढंच.

एवढंच म्हणे!

स्पर्धेच्या अर्जात 'पायलट' पुढे तू स्वतःचं नाव ठसठशीत लिहिलंस आणि 'बांधणी'चा रकाना कोरा ठेवलास, तेव्हापासून तीन आठवडे आपला अबोला. त्याने विचारलं तर सांगेन, असं म्हणत मी मूग गिळून बसले. एरवी उडवण्याआधी मी तपासणीची यादी मोठ्याने वाचते, तू एकेक स्विच हलवतोस, मी पंखाकडे बघून "हं" म्हणते. रविवारी मी यादी नुसती तुझ्या हातात कोंबली. तू ती न बघता खिशात घातलीस. भारीच शहाणे आपण दोघं.

तरी मी चिडलेलीच आहे, हे नीट वाच. इंजिनाचा आवाज थांबताच तुझं बोट पुन्हा त्याच स्विचवर गेलेलं मी पाहिलं होतं, त्याचा अर्थ मला काल लागला. तुला तेव्हाच कळलं होतं. तरी तू टाकीचं नाव घेतलंस.

येत्या रविवारी डबी घेऊन मी क्लबात जाणार आहे. आधी माझं सांगेन. तुझं तू सांग, नाहीतर तेही मीच सांगेन. पंख घेऊन ये. तुझ्या कपाटावर शोभेला ठेवायला तो बांधला नव्हता. अर्जाची प्रत माझ्याकडे आहे. कोरा रकाना आज मीच भरला. जागा पुरली नाही म्हणून खाली ओळी वाढवल्या.

पायलट: धाकटा
बांधणी: ताई
स्विच बदलला: ताई
सांगितलं नाही: ताई
विचारलं नाही: ही ओळ तू भर, आणि सही कर.