उरलेले तीन हात

मी, मधुकर रावजी उबाळे, वय चौसष्ट, धंदा फर्निचर पॉलिश, राहणार मांजर्ली, बदलापूर पश्चिम, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझी शेवटची इच्छा नोंदवतो. पक्षाघाताने उजवा हात गेला, जीभ जड झाली, डोकं शाबूत आहे. लिहून घेणारा शेजारचा मिलिंद. मी बोलेन तसंच लिहायचं, असं त्याने कबूल केलं आहे.

१. तळमजल्याची खोली आणि पोस्टातली ठेव माझी एकुलती मुलगी संध्या हिची. खोलीत पुराचं पाणी शिरतं, म्हणून दर पावसाळ्याआधी सामान माळ्यावर चढवावे. भाऊ शंकर याला काही नाही. पुराच्या दिवशी त्याने फोन उचलला नाही, का ते त्यालाच ठाऊक.

२. कॉम्प्रेसर आणि स्प्रेगन सनीला. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात आम्ही बावीस वर्षं जोडीने पलंग चमकवले. "चमकेगा तो बिकेगा, मधूभाई," हे त्याचं पालुपद. ती गन मला आता डोळ्यांसमोर नको.

३. कारण सांगतो. पुरात माझ्या कैलासवासी बायकोचा, गंगूचा, दिवाण कुजला. एक सागवानी फळी वाचली. संध्याने तिच्यातून गिटारची बॉडी कापून घेतली. म्हणाली, "बाबा, नुसतं जवसाचं तेल हाताने चोळून द्या. चकाकी नको. आईचं लाकूड दिसू दे." मी हो म्हटलं आणि तिला खूश करायला गनने मेलामाइनचं जाड, चकचकीत पॉलिश मारलं. अगदी लग्नातला पलंग दिसत होता. तिने त्यावर बोट फिरवलं, "छान आहे बाबा" म्हणाली, चादरीत गुंडाळून माझ्या खाटेखाली ठेवली आणि पुण्याला नोकरीवर गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

४. ते सगळं मी महिनाभर घासून काढलं. मग तेल. थोडंसं सुती फडक्यावर घ्यायचं, लाकडाच्या रेषांच्या दिशेने तळवा तापेपर्यंत चोळायचं, जास्तीचं पुसायचं, दोन दिवस वाळू द्यायचं. आमच्या धंद्यात अशा एका थराला 'हात' म्हणतात. सात हात ठरवले होते. चार झाले आणि माझाच हात गेला. डाव्याने करून पाहिलं. फडकं रेषांना आडवं जातं. सोडून दिलं.

५. संध्याला यातलं काही माहीत नाही. दर रविवारी येते, खाटेवर बसून माझ्या मेलेल्या हाताला तेल चोळते. खाटेखालच्या बॉडीचं मी काय केलं ते मला सांगवत नाही. अर्धवट काम गिऱ्हाइकाला दाखवू नये, ही आमच्या उस्तादांची शिकवण. मिलिंद विचारतो, "काका, ती काय गिऱ्हाईक आहे का?" बरोबर आहे त्याचं. पण तोंड उघडत नाही, काय करू.

६. म्हणून ही बॉडी माझ्यामागे संध्याला, उरलेल्या तीन हातांसकट. दुसऱ्या पॉलिशवाल्याला देऊ नये. तिनेच चोळावी. तेलाची फडकी बोळा करून ठेवू नयेत, आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवावीत. आणि मला माफ करावे.

स्थळ: बदलापूर
दिनांक: १४ जून २०२५

साक्षीदार:
ऋता पगारे, फिजिओथेरपिस्ट
उन्मेष दळवी, वरच्या मजल्यावरचे

मधुकर रावजी उबाळे, डाव्या अंगठ्याचा ठसा

लिहिणाऱ्याची नोंद: अंगठ्याला जवसाचं तेल लागलेलं असल्याने पहिला ठसा उमटला नाही. पुसून दुसरा घेतला. हे लिहू नकोस, असं काका म्हणाले.