रंभाच्या नावाचा डबा

सिंदेवाही
६ ऑक्टोबर २०२४

चि. दिव्यानी आणि जावईबापू प्रफुल यांना दादाजीचे आशीर्वाद. पिंकीला गोड पापा.

आपल्या गावचा सुनिल उद्या सकाळच्या गाडीने बल्लारपूरला ड्युटीवर येत आहे. त्याच्या हाती डबा पाठवतो. चोवीस लाडू आहेत. मोहफुले, तीळ, जवस आणि गूळ, तुझी आई घालायची तेवढेच. या खेपेला जवस थोडा जास्त भाजला गेला. रोज दोन खात जा. बाळंतिणीचे अंग वर्षभर कच्चे असते असे म्हणतात.

फोन करू नकोस. केलास तरी मला ऐकू येत नाही आणि मी नुसता हो हो म्हणतो. मागच्या वेळी तू काय विचारलेस कोण जाणे, मी हो म्हटले आणि दोन दिवसांनी जावई पंखा घेऊन आले. पंखा चांगला आहे, पण घरात आधीच दोन होते.

इकडे धान निसवला आहे, लोंब्या बाहेर आल्या आहेत. घर शांत असते. रविवारी लाडू करायला बसलो की वेळ बरा जातो.

डबा रिकामा परत पाठवू नकोस, काहीतरी टाक. तुझ्या आईला ते चालत नसे.

तुम्ही तिघे सुखरूप असलात की माझे काही मागणे नाही.

तुझा बाबा
दादाजी


बल्लारपूर
२० ऑक्टोबर २०२४

ती. कुंता आत्यास,
दिव्यानीचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस. फोनवर बोलले असते, पण तू स्पीकर लावून बोलतेस आणि आरमोरीतला तुझा सगळा मोहल्ला ऐकतो. हे फक्त तुला सांगायचे आहे.

मला सातव्या महिन्यात साखर निघाली होती. त्याच आठवड्यात आई दवाखान्यात होती. तिच्या दोन्ही किडन्या साखरेनेच गेल्या हे डॉक्टर बाबांना सांगत होते, आणि माझा कागद माझ्या पर्समध्ये होता. मी तो काढला नाही. पुढे आई गेली. मग सांगायचे राहूनच गेले. घरात फक्त यांना माहीत आहे.

पिंकी झाल्यावर साखर उतरली. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वजन बासष्टवर आणा, नाहीतर आईचा आजार तुम्हाला लवकर गाठेल. तेव्हा शहात्तर होते. जुलैपर्यंत आपोआप अडुसष्ट झाले आणि तिथेच थांबले. आज तीन महिने झाले. मी रात्रीचे जेवण बंद केले, भात सोडला. काटा अडुसष्टच दाखवतो. यांनी काटाच बिघडला म्हणून त्यावर तांदळाचा पंचवीस किलोचा कट्टा ठेवून पाहिला. काटा बरोबर निघाला. मागच्या महिन्यातल्या तपासणीत साखर परत वर सरकली आहे.

आत्या, मी बाबांचे लाडू खाते. रोज दोन. दिवसभर उपाशी राहिले की चार वाजता राहवत नाही, आणि डबा समोर असतो. पहिला घास घेतला की आईच्या चुलीजवळ बसल्यासारखे वाटते. वाया घालवायला मन होत नाही आणि बाबांना नको म्हणायला तोंड उघडत नाही. आईला साखरेने नेले, आता माझेही ऐकले तर ते काय करतील?

तू काहीतरी सुचव. बाबांना मात्र कळू देऊ नकोस.

तुझा हात डोक्यावर असावा.

तुझी
दिव्यानी


आरमोरी
२९ ऑक्टोबर २०२४

चि. दिव्यानीले कुंता आत्याचा आशीर्वाद. जावयाले राम राम.

तुहं पत्र वाचलं आन पहिले रडली, मंग तुह्यावर चिडली. एवढं मोठं दुखनं वर्षभर पोटात घेऊन बसली. अगदी बापावर गेली. तो बी काई बोलत नाई, तू बी बोलत नाई, आन मधात आमच्यासारख्यानं काय करायचं?

भाऊचे लाडू मले नको सांगू. दसऱ्याले गेलती तवा मी चार खाल्ले. दगडावानी होते, माही एक दाढ हालून राह्यली. तरी बरे झाले म्हटलं. काऊन म्हटलं? मानूस चुलीपाशी पाटावर बसून लाडू वळते, आन बाजूले रंभावहिनीचा पाट रिकामा मांडून ठेवते, ते पायलं म्हणून म्हटलं. म्हणजे मी बी तुह्यासारखीच भित्री निघाली.

पन पोरी, त्याले जर उद्या समजलं की आपल्या हातच्या लाडवानं लेकीची साखर वाढली, तं तो त्या पाटावरून उठनार नाई. आता सांगशीन तं त्याले दुःख होईन. मंग समजन तं त्याच्यानं सहन होनार नाई. मी सांगनार नाई. तूच सांग. त्याले ऐकू येत नाई ते चांगलंच हाये, तू रडली तरी त्याले ऐकू येनार नाई. लिहून दे. तो कागद तीनदा वाचते.

आन उपाशी काऊन राह्यते? अंगावर पाजते ना लेकराले? मी चार लेकराईनंतर धानाची कोठी झाली होती, पन उपाशी नाई राह्यली. माह्यासारखी होऊ नको, पन वाळून बी जाऊ नको.

बापाले लिहिल्याबिगर मले पत्र टाकू नको.

तुही
कुंता आत्या


बल्लारपूर
१० नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सुनिलभाऊंच्या हाती डबा परत पाठवते आहे. रिकामा पाठवायचा नाही म्हणून आत माझे तपासणीचे दोन कागद ठेवले आहेत. एक मागच्या वर्षीचा, ऑक्टोबरचा. त्याची तारीख बघितली की मी तेव्हा का बोलले नाही ते तुम्हाला कळेल. दुसरा आत्ताचा आहे.

बाबा, अजून मला आजार झालेला नाही. साखर सीमेवर आहे. सहा किलो वजन उतरले तर ती मागे जाईल असे डॉक्टरीणबाई म्हणतात. जुलैपासून ते एक किलोही उतरले नाही. यात तुमची चूक नाही. मी जेवण टाकून लाडू खाल्ले. पहिल्या महिन्यांत त्यांनीच मला उभे केले. पिंकीला दूध कमी पडले नाही ते त्यांच्यामुळेच. पण आता मला ते नकोत.

हे वाक्य लिहायला मला दोन आठवडे लागले. रागावलात तरी चालेल, पण पत्र लिहा.

तुमची
दिव्यानी


सिंदेवाही
१७ नोव्हेंबर २०२४

चि. दिव्यानीस आशीर्वाद.

कागद वाचले. रागावलो नाही. चार दिवस ते पुन्हा पुन्हा काढून वाचले, म्हणून उशीर झाला.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुझ्या आईने मला लाडू शिकवले. पडल्या पडल्या सांगत होती आणि मी पाकिटाच्या मागे लिहून घेत होतो. मोहफुलांतले केसर झाडून काढा, मंद आचेवर भाजा, गूळ जास्त पातळ करू नका. पोरीला कमी पडू देऊ नका, असेही म्हणाली. बंद कधी करायचे ते तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. विचारले असते तर ती म्हणाली असती, सव्वा महिना. ते मला माहीत होते. तरी मी दहा महिने करत राहिलो. फुले तिने स्वतः वेचलेली होती, गेल्या वर्षीच्या चैत्रातली. ती संपेपर्यंत करायचे असे मी मनात धरले होते.

तर आज बंद केले.

मंगळवारी तिला वर्ष होत आहे. कुंता सोमवारीच येईल. तू पिंकीला घेऊन ये. जेवणात गोड नाही, भाजी-भाकर आणि वरण करू. पाहुण्यांना मी सांगेन.

मी भात संशोधन केंद्रात तीस वर्षे नोकरी केली. धानाची रोपे, आपले परे, उपटून शेतात रोवणा केला की आठ-दहा दिवस धान हलत नाही, पिवळा पडतो. नवीन माणूस घाबरून जास्तीचे खत टाकतो आणि बिघडवतो. तू जेवण बंद केलेस ते तसेच झाले. डॉक्टरांना विचारून पोटभर जेव.

माझीही साखर तपासून घेतो. मीही रोज एक लाडू खात होतो.

तुझ्या तब्येतीचे खरे काय ते लिहीत जा.

तुझा बाबा


बल्लारपूर
५ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, काटा हलला. आज सकाळी चौसष्ट आठशे. यांनी लगेच तांदळाचा कट्टा आणला, मी ठेवू दिला नाही.

दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी माझे सगळे ऐकून घेतले आणि हसल्या. दिवसभर उपाशी आणि चार वाजता गोडावर तुटून पडायचे, मग काटा कसा हलेल, म्हणाल्या. तीन वेळा जेवायला लावले. सकाळी अंडे किंवा मोड आलेली मटकी, दुपारी वरण, भाजी आणि वाटीभर भात, रात्री मासे-भाकर. पहिले तीन आठवडे काहीच झाले नाही. मी परत जेवण सोडणार होते, तेव्हा तुमचे परे आठवले आणि थांबले. चौथ्या आठवड्यात अर्धा किलो गेला.

सकाळी सहाला शेजारच्या चंदाबरोबर चालायला जाते. ती चालते कमी आणि तिच्या सासूचे सांगते जास्त. सासूचा विषय निघाला की आपोआप तिचा वेग वाढतो, म्हणून आता तो विषय मीच काढते.

साखर मागे आली आहे. कागद सोबत जोडला आहे. चार वाजता आता फुटाणे खाते. आईची आठवण मात्र चार वाजताच येते, तिला काही उपाय नाही.

तुमच्या तपासणीचे लिहिले नाहीत. मला लपवायची सवय कुठून लागली ते मी जाणते.

वाट पाहते.

तुमची
दिव्यानी


सिंदेवाही
१२ जानेवारी २०२५

चि. दिव्यानीस आशीर्वाद. जावयांना नमस्कार. पिंकीला पापा.

तुझा कागद तीनदा वाचला. मग शेजारच्या भैयाजीला वाचायला दिला. तो म्हणाला आकडे बरोबर आहेत.

माझी साखर वाढलेली निघाली. लपवणार नव्हतो, तुझा काटा हलायची वाट पाहत होतो. सकाळची एक गोळी सुरू आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितले. सहा वाजता मी तलावाच्या पाळीवर असतो. तू त्याच वेळी तिकडे चालतेस हे वाचून बरे वाटले. माझ्याबरोबर चंदा नाही, त्यामुळे वेग कमी आहे.

पिंकीच्या वाढदिवसाला पंचवीस तारखेच्या गाडीने येतो. कानाचे यंत्र सुनिलबरोबर जाऊन घेतले. गाडीतली माणसे किती बोलतात ते आता ऐकू येते. तुझ्याशी बोलता येईल.

सोबत डबा पाठवतो आहे. घाबरू नकोस, लाडू नाहीत. तुझ्या आईच्या हातची मोहफुले मूठभर उरली होती, ती तशीच ठेवली आहेत. ही खायची नाहीत. चार वाजता आठवण आली की झाकण उघडायचे, वास घ्यायचा आणि झाकण घट्ट लावायचे. थोडी मी इकडे ठेवून घेतली आहेत, मीही तसेच करतो.

डब्याच्या बुडाशी तुझ्या आईचे नाव कोरलेले आहे. तो आता परत पाठवू नकोस. चिठ्ठ्या सुनिलच्या खिशात मावतात.

जेवत जा, चालत जा.

तुझा बाबा
दादाजी