बाळूची उडी

१० ऑक्टो., शुक्र.
आज पाय जमिनीवर नाहीत. मुंबईहून सिनेमावाल्यांचा फोन आला, बाळूसाठी. माझा धाकटा भाऊ. पोस्टरवर नाव निराळं, पण शेवटी आमच्या दाना ओली मोहल्ल्यातला बाळूच. कराटेच्या सिनेमांचा हीरो. तो गेला तेव्हा अर्धा राहिलेला सिनेमा आता कंप्युटरने पुरा करणार म्हणे. बाळू स्वतः दिसणार, बोलणार. त्याला बायको-मुलं नव्हती, म्हणून हो म्हणायचं ते मी. भाऊबीजेपर्यंत सांगा म्हणाले. नात ईशा म्हणते, आजी, तू तो वीआयपी हो गई. चिवड्याचे पोहे उन्हात राहिले ते राहिलेच.

१३ ऑक्टो., सोम.
इंदरगंजला चष्म्यासाठी गेले. दुकानाच्या वर कराटेचा क्लास. भिंतीवर बाळूचा फोटो, ताजा हार. मुली पण शिकतात हो. उडीच्या आधी सगळ्या त्याच्यासारखी मान झटकतात. एकीने झटकली आणि क्षणभर... जाऊ दे. पडावला रिक्षाच्या मागे पण तोच. रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, ये मरे थोड़ी हैं." खूश झाले. मग घरापर्यंत मागे वळून बघत राहिले, का कोण जाणे.

१६ ऑक्टो., गुरु.
नमुना आला फोनवर. तीच उडी. शूटिंगला वरून उडी मारली, खालच्या गाद्या हुकल्या, तिथेच गेला बाळू. मी कधी पाहिली नव्हती. आज पाहिली. ह्यात तो पायावर उतरतो, पँट झटकतो, माझ्याकडे बघून म्हणतो, दीदी, देखा? मी मोठ्याने म्हटलं, देखा रे!
ईशाला सांगितलं, तो मला अक्का म्हणायचा, आणि मराठीत. तिने लगेच सिनेमावाल्यांना कळवलं.
संजयला, माझ्या मुलाला, पसंत नाही. मामाला निजू दे म्हणतो. मी म्हटलं, निजणं त्याला कधी आवडलं होतं?

१९ ऑक्टो., रवि.
नवा नमुना. "अक्का, बघितलंस?"
अगदी तसाच. शेवटी आवाज वर नेऊन. मला अक्का म्हणणारं आता कोणी उरलं नाही. करंज्या तळताना जिन्यातून हाक आल्यासारखी वाटली, मी ओ दिली. ईशा बघत राहिली. आनंद आहेच, नाही कसा. पण बघितलं म्हटलं तरी परत तेच विचारतो. तसंच. दाबलं की विचारतो.

२२ ऑक्टो., पाडवा
संजयचं ओवाळणं वगैरे झालं, फराळाला बसलो. त्याने विचारलं, काय ठरवलंस? म्हटलं, ह्यात तो उठतो रे, मरत नाही. संजय खाली बघून हळूच म्हणाला, "आई, मग पडला तो कोण?"
मी त्याला अजून एक अनारसा वाढला.

२३ ऑक्टो., भाऊबीज
सिनेमावाल्यांचा सकाळपासून दोनदा फोन. ईशा म्हणाली, दादी पूजा में है. शहाणी.
बाळू गेल्यापासून मी चंद्राला ओवाळते. भाऊ नसला की तसंच करतात. आज छतावर जाऊन आले, बीजेची कोर टाकीच्या मागे आहे, बारीक, लगेच मावळेल. खाली ईशाने पाट मांडलाय, रांगोळी घातलीये, पाटावर फोन उभा केलाय. बाळू हसतोय. चंद्राने कधी काही विचारलं नाही मला.
निरांजन लावलंय. ईशा हाक मारतेय, आजी, किसको करोगी, जल्दी बताओ