आईच्या टबाची जोडणी

आप्पा, काल दौंडला तुमच्या नातवाच्या नव्या घरी गरम पाण्याचा टब बसवला. वायरमन निघताना म्हणाला, "आता बसा बिनधास्त." मी त्याला आधी टेस्टचं बटण दाबायला लावलं. स्विच खटकन पडला, तेव्हाच जाऊ दिलं. तेव्हापासून तुम्ही मनातून जात नाही.

शिरूरचं आपलं घर, नव्वद सालानंतरचा तो हिवाळा. आईचे गुडघे सुजलेले, चुलीपाशी बसली की हाताला धरून उठवावं लागे. तुम्ही कारखान्यात इलेक्ट्रिशियन. तिथल्या गेस्ट हाउसमधला जुना टब काढून टाकणार होते, तो साहेबांना विचारून तुम्ही टेम्पोतून घरी आणलात. पाणी तापवणारा, खालून बुडबुडे सोडणारा. आई पदर तोंडाला लावून हसतेय, "अवं, मी काय म्हस हाय व्हय, डुंबायला?" पण दुसऱ्या दिवशी तीच शेजारणींना बोलावून दाखवत होती.

तुम्ही मोटार दुरुस्त केलीत. टबासाठी वेगळी जाड वायर ओढलीत, बटण न्हाणीच्या बाहेर घेतलंत, टबातून हात पोचू नये म्हणून. मागच्या अंगणात खड्डा खणून कोळसा आणि मीठ भरून अर्थिंग केलंत. राहिला तो फक्त करंट गळाला की आपोआप पडणारा स्विच. तो शिरूरात मिळेना, पुण्याहून यायचा होता. तोवर वायर बोर्डाला जोडायची नाही, असं तुम्ही सांगून टाकलंत.

मग रोज कामावर जायच्या आधी तुम्ही बंब पेटवायचात आणि बादल्या नेऊन टब भरायचात. आई डोळे मिटून बसायची. एकदा म्हणाली, "बुडबुडं कवा यायचं? एकडाव लावून तर बघा. मी काय लगीच मरत न्हाई."

तुम्ही बादली खाली ठेवलीत. "माझी बहीण न्हावऱ्याला अशीच गेली. बादलीतल्या रॉडला हात लागला. वरडली बी न्हाई."

आई ओल्या हातानं तुमचं मनगट धरून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. बंबाचंच पाणी ग्वाड हाय."

फाल्गुनात तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली. स्विच आला तो तेराव्यानंतर.

तुम्ही तो बसवलात. पाणी भरलंत, बटण दाबलंत. आई नसलेल्या टबात पाणी उसळायला लागलं आणि मी दारातून ओरडले, "एक दिवस लावलं असतं तर काय झालं असतं, आप्पा?" तुम्ही वळून पाहिलं नाहीत. "काय बी झालं नसतं, पोरी. बहुतेक काय बी झालं नसतं," एवढंच म्हणालात. पुढे शेजारची म्हातारी काठी टेकत यायची, तिच्यासाठी तुम्ही तो रोज चालू करून द्यायचात. न्हाणीबाहेर ताटकळत उभे राहायचात, तिचं आवरेपर्यंत. त्या दिवसाबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही.

तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. हे पत्र मी कुठल्या पत्त्यावर टाकणार? कुणीच वाचणार नाही म्हणून सांगते. तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मी कितीदा मनाशी ठरवून पाहिलं. दर वेळी मी आईला नाहीच म्हणते. आणि दर वेळी तुमचाच राग येतो.