चार दहा ते चार वीस

१८ जानेवारी
बातमी खरी निघाली. आमची बाळंतपणाची खोली बंद करायचं चाललंय! बाळंतपणं सगळी परत टेबलावर, डॉक्टरांच्या ताब्यात. आणि आम्ही दोघी मिडवाइफ, मी नि मल्लम्मा, इंजेक्शनच्या खिडकीत. दीड वर्षाचं ट्रेनिंग काय चुलीत घालायचं? बारा फेब्रुवारीला समिती येणार, ती ठरवणार.

डॉ. दिग्विजय म्हणाले, "सिस्टर, तुम्ही तर नुसत्या बसून असता."

व्हय, बसते. करून बघा म्हणावं एकदा.

२१ जानेवारी
ढोकीकडची ऊसतोडीची बाई. दुपारभर खोलीत फिरली, खिडकीचे गज धरून झुलली. मी कंबर चोळत होते. पडदे ओढलेले, पंख्याची घरघर. दोन कळांच्या मधे तिला डुलकी लागायची, तिच्याबरोबर मलाही. स्वप्नात का जागेपणी कळंना, पण आम्ही दोघी तेरणा नदीच्या पाण्यात गुडघाभर उभ्या होतो, आणि घाई कुणालाच नव्हती.

मग ती म्हणाली, "आलं वो सिस्टर." आलंच. मुलगी. कात्री न्हाय, टाका न्हाय.

घरी जाताना बसमध्ये तेर गावापर्यंत डोळे मिटून बसले. लई बरं वाटत होतं.

२५ जानेवारी
सलग चाळीस बाळंतपणं! एकही सिझर नाही. मल्लम्मा उमरग्याकडची, मला अक्का म्हणते. "अक्का, किती मोजशील? नजर लागंल."

समितीसमोर हेच सांगायचं. चाळीस.

२ फेब्रुवारी
येरमाळ्याची भाग्यश्री, पहिलटकरीण. बाळाचे ठोके नव्वदवर घसरले, कळ ओसरली तरी वर चढेनात. डाव्या कुशीवर वळवलं. मग डॉक्टरांना बोलावलं. सिझर झालं. मुलगा. लगेच रडला नाही. काचेच्या पेटीत ठेवलाय.

डॉक्टर म्हणाले, "वेळेवर बोलावलंत." तिच्या सासूबाई माझ्या पाया पडायला वाकल्या. मी मागं सरले.

३ फेब्रुवारी
जेवण गेलं नाही.

५ फेब्रुवारी
लिहूनच टाकते. फाईलवर मी लिहिलंय, ठोके चार वीसला उतरले. उतरले होते चार दहाला. कुशीवर वळवलं की ठोके चढणार का नाही ते दोन मिनिटांत कळतं, मला कळलं होतं. तरी हात तिच्या पोटावर ठेवून बसून राहिले. चढतील, आता चढतील. डोक्यात तिचं बाळ नव्हतं. डोक्यात चाळीस होतं, हिचं त्रेचाळीसावं होतं, समिती होती. दहा मिनिटं.

आता डोळा लागला की ठोके ऐकू येतात. सावकाश, पाण्याखालून आल्यासारखे. मी मोजते आणि आकडा विसरते.

८ फेब्रुवारी
बाळ पेटीतून बाहेर. अंगावर पितंय. दारामागं जाऊन रडले.

मल्लम्माला सांगितलं. ती म्हणाली, "बाळ बरंय ना? मग गप बस अक्का. बोललीस तर खोली गेली. आणि बाया परत टेबलावर." तिचं काय चुकलं? काहीच नाही.

११ फेब्रुवारी
उद्या.

१२ फेब्रुवारी
समितीच्या साहेबांनी विचारलं, "डॉक्टर असताना तुमची गरज काय?" मी भाग्यश्रीची फाईल पुढं ओढली. सगळ्यांसमोर चार वीसवर रेघ मारली, वर चार दहा लिहिलं, खाली सही केली. काय केलं होतं ते सांगितलं. मग मी म्हणाले, "आता विचारा, आमची गरज काय ते."